ओल्या बाभळीचा डाव

एका राज्यात राजा होता रणधवल, आणि त्याला व्यसन होते सारीपाटाचे. एकदा कपाली नावाच्या जादूगाराशी तो खेळायला बसला. हत्ती हरला, घोडे हरला, खजिना हरला. मग या निर्लज्जाने पणाला काय लावावे? स्वतःचा मुकुट नव्हे, प्रजेच्या तोंडचा घास लावला. तोही हरला.

त्या दिवसापासून घरोघर भात शिजे, आमटी उकळे, पण ताटात वाढताच सगळ्याची राख होई. कपाली म्हणाला, "माझा डाव मोडेल, तेव्हाच शाप सुटेल." आणि तो आपल्या डोंगरावर निघून गेला.

राजाने राज्यातले सारे सारीपाट फोडले, सोंगट्या जाळल्या, पोरींचे सागरगोटेसुद्धा विहिरीत टाकले. राख ती राखच राहिली. लेकरे कंदमुळे चघळत रडत होती, आणि दरबारात खल चालला होता. असल्या दरबाराला आग लागो, असे मी म्हणतो.

त्या राज्यात भिवरा नावाची सुतारीण लाकडी पळ्या, डाव, उलथणी घडवीत असे. तिची लेक आवडी भुकेने इतकी खंगली होती, की तिला उठून बसवत नव्हते. भिवरा दारातल्या बाभळीखाली राजाला शिव्या घालीत बसली होती. तेव्हा झाडावरचा सुतारपक्षी बोलला.

"भिवरे, जन्मभर डाव घडवलेस, आणि तूही डाव म्हणजे खेळच समजलीस? कपालीच्या कढईत तुम्हा सर्वांचे अन्न रटरटते आहे. ते तो लाकडी डावाने ढवळतो."

"मग कुऱ्हाड घेऊन जाते."

"तो डाव मंतरलेला आहे, कुऱ्हाडीने तुटायचा नाही. कपालीच्या हाती तुझा डाव दे."

"माझ्या हातचा डाव मोडत नाही."

"मग मोडणारा घडव."

भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाकूड सावलीत पुरते वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावायचे नाही, हा तिच्या घराण्याचा नेम. एका जुगाऱ्यापायी तो मोडायचा होता. तिने लेकीकडे पाहिले, आणि हिरवी बाभळ तोडली. रडत, दात-ओठ खात तिने ओला डाव घडवला.

तीन डाव विकायला घेऊन ती कपालीचा डोंगर चढली. कपालीने शिसवीचा पाहिला.

"काळा आहे."

फणसाचा पाहिला.

"हलका आहे."

ओल्या बाभळीचा हातात तोलला. रसाने तो जड झाला होता.

"हा माझा," असे म्हणून त्याने जुना डाव दरीत भिरकावला आणि नवा कढईत घातला. मंतरलेल्या जाळाच्या धगीने ओले लाकूड तडतडले, दांडा उभा चिरला, डावाचे दोन तुकडे झाले. कपालीची जागच्या जागी राख झाली. घरोघर ताटातला भात भातच राहिला.

राजा पालखीतून भिवराच्या दारी आला. अंगणात गावाची पंगत बसली होती.

"बाई, हवे ते माग."

भिवराने शिसवीचा डाव त्याच्या हाती दिला.

"वाढा, महाराज."

राजाने वाढले. ऊन कलले, त्याचे हात भरून आले, पोटात कावळे ओरडू लागले.

"आता मी बसू का?"

"माझी लेक जेवते आहे," भिवरा म्हणाली.

आवडी सावकाश जेवत होती. राजा डाव घेऊन उभा राहिला.