गोटीवरचा हात

“…आणि एवढं सांगूनही त्यानं ऐकलं नाही, तर यात माझी काय चूक, उस्ताद?”

आल्यापासून शिवलिंग कोरे हेच विचारत होता. शब्द तेवढे बदलत होते.

कासम उस्ताद ट्रकच्या चाकाला टेकून चहा पीत होते. मिरजेबाहेर हायवेलगत त्यांचं जुनं गॅरेज. शिवलिंग इथेच काम शिकला आणि आता गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं, याच्या दुप्पट मोठं गॅरेज होतं. एरवी तो उस्तादांकडे फक्त ईदला यायचा, तेही गाडीचं इंजिन चालू ठेवून.

आज इंजिन बंद होतं.

झालं होतं ते असं. शिवलिंगकडे कामाला असलेला महावीर चाकाचे नट काढायच्या हवेच्या गनची गोटी बदलत होता. नटाच्या मापाप्रमाणे गनच्या तोंडावर बसवतात, ती गोटी. हवेची नळी गनला तशीच जोडलेली होती. चापावर बोट पडलं, गोटी गरकन फिरली, तिच्यात हातमोजा गुंडाळला गेला आणि मोज्यासकट महावीरची दोन बोटं गेली.

महावीर दवाखान्यात होता. शिवलिंगला त्याच्यासमोर जायचा धीर होत नव्हता. पण हे कबूल करेल तो शिवलिंग कसला? त्याचं म्हणणं एवढंच होतं, की महावीरच्या घरचे लोक उस्तादांना मानतात, तर उस्तादांनी एकदा जाऊन त्यांना समजावून सांगावं, की चूक महावीरची होती.

“आधी नळी काढ, मग गोटीला हात लाव. रोज सांगायचो,” तो म्हणाला. “भिंतीवर लाल अक्षरात लिहून लावलंय. पालथ्या घड्यावर पाणी.”

उस्तादांनी कप खाली ठेवला.

“हे मागचं चाक खोल जरा.”

“मी?”

“हात विसरलास काय?”

हे मात्र शिवलिंगला लागलं. आसपासच्या गॅरेजांत त्याच्याएवढं झटपट चाक खोलणारा कोणी नव्हता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याने बाह्या सरसावल्या, गन उचलली. खडखडाट सुरू झाला तशी त्याच्या चेहऱ्यावरची काळजीही जरा उतरली. नट भराभर सुटले. चाक बाजूला लागलं.

“आता आतले बोल्ट.”

आतले बोल्ट लहान मापाचे. शिवलिंगने गन काखेत दाबली, मोठी गोटी उपसली, लहान गोटी घेऊन गनच्या तोंडावर बसवू लागला. नजर बोल्टवर, हात आपले आपण चाललेले.

तेवढ्यात उस्ताद पुढे सरकले आणि त्यांनी ती गोटी आपल्या मुठीत धरली.

“दाब चाप.”

शिवलिंगने खाली पाहिलं. त्याचं बोट चापावरच होतं. हवेची नळी गनला जोडलेली होती.

“उस्ताद, हात काढा.”

“दाब की.”

“काढा हो…”

उस्तादांनी हात काढला नाही. तेलाने काळी पडलेली, सांध्यांत सुजलेली त्यांची म्हातारी बोटं गोटीभोवती तशीच होती. शिवलिंगने बोट हळूच चापावरून उचललं, दुसऱ्या हाताने नळी ओढून काढली. हवा फुस्सकन गेली.

मग उस्तादांनी मूठ सोडली.

“आत्ता बरी आठवली नळी?”

“तुमचा हात होता…” शिवलिंग म्हणाला.

महावीर त्याच्याकडे आला तेव्हा त्याला गनची माहितीही नव्हती. तो दिवसभर शिवलिंगच्या बाजूला उभा राहून त्याचे हात बघायचा. कौतुकाने बघायचा. शिवलिंगलाही ते आवडायचं आणि मग तो आणखी झपाट्याने काम करून दाखवायचा. भिंतीवरची लाल अक्षरं त्या दोघांच्या पाठीमागे होती. हे सगळं आता त्याला दिसलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो खाली जमिनीवर बसला.

उस्तादही शेजारी बसले. हायवेवरून एक टँकर गेला.

“इथंच,” उस्ताद म्हणाले. “शिकायला होतास तेव्हा तू असाच गन काखेत धरून गोटी बदलत होतास. मी बघितलं होतं.”

शिवलिंगने मान वर केली.

“बाहेर गाड्यांची रांग होती. तुझा हात झटझट चालायचा… मी बोललो न्हाई. कुणाच्या गाड्या हुत्या, ते पण आता आठवत न्हाई बघ.”

आयुष्यात पहिल्यांदाच शिवलिंगला उस्ताद इतके थकलेले दिसले. त्याने विचारलं, की मी दवाखान्यात जातो, पण जाऊन महावीरला काय सांगू?

“सांगू नको काही. विचार त्याला, गोटी अशी बदलायला कुणाचं बघून शिकलास.”

“तो माझं नाव घेईल, उस्ताद.”

“घेऊ दे… मग तू माझं घे.”