खिडकीची जागा

त्या राज्यात सगळ्यांचे पाय जमिनीला चिकटवलेले होते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. राज्य एका लांबरुंद टेबलावर वसलेलं होतं. डोंगर कागदाच्या लगद्याचा, गवत हिरव्या रंगवलेल्या भुशाचं, माणसं बोटाच्या पेराएवढी. वरून एक हात यायचा आणि ज्याला जिथे ठेवायचं तिथे ठेवून जायचा. मधोमध एक गाडी फिरायची. स्टेशनातून सुटायची, डोंगराच्या बोगद्यात शिरायची आणि परत त्याच स्टेशनात यायची. तरी बोगद्यापलीकडे मोठमोठी शहरं आहेत, असं फलाटावरचे लोक छातीठोकपणे सांगत.

फलाटावर मंजुळा आणि तिचा नवरा केरबा शेजारी शेजारी उभे होते. तिच्या हाताला घडवल्यापासून टोपली, त्याच्या काखेत वळकटी. वळकटीसकट घडवलेल्या माणसाचं मन फलाटावर कसं रमणार? एकदा फलाटाची कड रंगवताना हाताच्या कुंचल्यातून पांढरा थेंब उडाला आणि केरबाच्या निळ्या विजारीवर, डाव्या पोटरीला, कायमचा बसला. मंजुळा त्यावरून त्याला चिडवायची.

"शहरात जायचंय म्हणे. आधी विजार तरी धुवा."

केरबा हसायचा. दिवस बरे होते.

मग एकदा हात चिमटा घेऊन आला आणि त्याने केरबाला अलगद उपटलं. फलाट हरखून गेला. स्टेशनमास्तरांच्या हातातला हिरवा बावटा कधीच खाली येत नसे; त्या बावट्यासकट ते म्हणाले, "नशीब काढलंस केरबा! खिडकीची जागा मिळणार तुला."

"मंजुळे, एक फेरी मारून येतो," केरबा वरून ओरडला. "माझी जागा धरून ठेव."

हात त्याला डोंगरामागे घेऊन गेला. थोड्या वेळाने अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. गाडीचं दार लागलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. गाडीची दारं नुसती रंगवलेली आहेत, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाडी आली तेव्हा केरबा खरोखरच खिडकीत होता, वळकटीसकट. मंजुळेचा ऊर भरून आला.

"उतरा आता," ती म्हणाली.

"पुढच्या फेरीला. बसून बसून पायांना मुंग्या आल्यात गं. जरा जाऊ देत."

पुढच्या फेरीला मुंग्या तशाच होत्या. नंतर नंतर तो म्हणू लागला की मुंग्या गेल्या, पण आता पाय कळतच नाहीत. मास्तर समजूत घालायचे, "डब्यात बसायचं म्हणजे थोडं आखडतं घ्यावं लागतं. सवय होते." मंजुळेलाही सवय झाली. शेजारी केरबाच्या पावलांच्या जागी वाळलेल्या गोंदाचे दोन वण होते, ती ते धरून होती. तिच्या खांद्यांवर धूळ बसत गेली. गाडी आली की ती "उतरा" म्हणायची, मग नुसतीच बघायची.

पुढे हाताने रुळांपलीकडच्या रस्त्यावर एक बंद पडलेला ट्रक आणून ठेवला. ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले होते. बाकीचा माणूस आत, दुरुस्तीत गुंतलेला असावा. सगळ्या राज्यात त्याचं कौतुक झालं.

"याला म्हणतात कामसू," मास्तर म्हणाले. "जेवायलासुद्धा बाहेर येत नाही."

मंजुळेची नजर घडवल्यापासून रुळांकडेच होती, त्यामुळे तिला न बघून चालण्यासारखं नव्हतं. विजार निळी होती. डाव्या पोटरीवर पांढरा थेंब होता.

आता आपल्या पोटात खड्डा पडणार, म्हणून ती वाट बघत राहिली. पडला नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. टोपली हातात होती तशीच होती.

गाडी आली आणि थांबली.

"मंजुळे," केरबा खिडकीतून म्हणाला, "पलीकडे तो ट्रकखालचा माणूस बघितलास? कधीचा पडलाय. त्याच्याकडे बघितलं की माझेच पाय दुखल्यासारखे वाटतात."

"कामात असेल."

"घरचं कुणी नाही का त्याला? उठ म्हणायला?"

"आहे की," मंजुळा म्हणाली.

"मग बरं. पुढच्या फेरीला उतरतो हं मी."

"या सावकाश."

वर खिडकीत केरबाचा चेहरा आणि काखेतली वळकटी होती. खाली डब्याच्या चाकांमधून, रुळांपलीकडे, निळी विजार दिसत होती. गाडी उभी होती तेवढा वेळ मंजुळेला आपला नवरा अख्खा दिसला. मास्तरांचा बावटा वर होताच. खिडकी बोगद्याकडे निघाली. चाकांमधून दिसणारे पाय जागचे हलले नाहीत.