रोहितांचं बेट आणि न बोलणारी सून

एकदा काय झालं, नव्या सुनेनं नको ते ऐकलं. भिंतीपलीकडे सासूबाई मामंजींना सांगत होत्या, "पोरगी नुसती बघत असते. वर्षाच्या आत तोंड उघडलं, तर माहेरी धाडीन."

त्या गावची रीतच तशी, बरं का. नव्या सुनेनं वर्षभर मोठ्यांपुढे बोलायचं नाही. सुनेचं नाव आवडी. ती मनात म्हणाली, बरंय, ऐकायला तर बंदी नाही.

गावाभोवती वाळूच वाळू. मधे एक तळं, तळ्यात बेट, बेटावर लांब पायांचे रोहित पक्षी. चिखलाच्या ढिगांवर त्यांची अंडी. मामंजी गावचे पाटकरी, पाणी सोडणं-अडवणं त्यांच्या हाती. त्या साली त्यांनी तळ्यातून शेतांकडे जाणारा पाट मोकळाच सोडला. म्हणाले, पाखरं पिऊन टाकणार, त्यापेक्षा कलिंगडांना जाऊ दे.

मग आवडी पाण्याला गेली. पहिल्या दिवशी घाटाची एक पायरी उघडी पडलेली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन, आणि काठावर कोल्हा. तो पाण्यात पाय घालून बघे, खोल लागलं की मागे घेई. घाई नव्हती त्याला.

मग एक रोहितीण जवळ आली आणि माणसासारखी बोलली. गप्प माणसांशी पाखरं बोलतात, बरं का. म्हणाली, "बाई, उद्या कोल्हा चालत येईल. अंडी गेली तर आम्ही उठू. आणि आम्ही जाऊ तिकडे पाणी आमच्या मागे येतं."

घरी येऊन आवडीनं मामंजींपुढे रिकामी घागर ठेवली. ते म्हणाले, विसराळू आहे. मग तिनं उंबऱ्याशी रांगोळीनं कोल्हा काढला. सासूबाई म्हणाल्या, मांजर छान जमलीय. मग तिनं फावडंच उचललं, तर मामंजींनी ते मायेनं काढून घेतलं.

आता उरलं काय? तोंड. तिनं ते उघडलं.

मग मामंजी स्वतः धावले, पाट बंद झाला. पिल्लं निघाली, त्यांना पंख फुटले. कोल्हा उंदरांवर भागवू लागला. सासूबाई म्हणाल्या, वर्ष सरलंच असेल, दिवस मोजण्यात माझीच चूक झाली असेल. सगळे सुखानं नांदले. चला, मिटा डोळे.

काय म्हणाली, ते ऐकल्याशिवाय झोप नाही? ऐका तर. पदर सावरून म्हणाली, "मामंजी, कोल्हा पाण्यात उतरलाय. पाखरं उठली तर तळंही त्यांच्या मागे जाईल. आधी पाट बंद करा, मग मला खुशाल माहेरी धाडा."