भिवराबाईचं गाडगं

सावरदऱ्यात सिमेंटची गटारं नव्हती, ग्रामपंचायतीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गाव टेकडीच्या उतारावर वसलेलं. वरची आळी, मधली आळी आणि नदीच्या अंगाला खालची आळी. तिन्ही आळ्यांमधून एक ओहोळ वाहायचा. पावसाचं पाणी त्याच वाटेनं जायचं आणि घराघरांतल्या मोऱ्यांचं, गोठ्यांचंही. खालच्या आळीत ओहोळाच्या काठाला एक आड होता आणि त्या आडाशेजारी भिवराबाई कुंभारणीचं घर होतं. ती मातीला नुसता हात लावून पुढच्या पावसात पाणी कुठून येणार ते सांगायची, असं म्हणतात.

दरवर्षी वैशाखी पुनवेला सारं गाव ओहोळ साफ करायचं. पहिल्या फावड्याचा मान पाटलांचा, म्हणून काम सुरू व्हायचं अगदी वरून, पाटलांच्या दारातून. हलगी वाजायची, नारळ फुटायचा. वरची आळी आपला गाळ मधल्या आळीकडे लोटायची, मधली आळी दोन्ही आळ्यांचा मिळून खाली लोटायची. तो खालच्या आळीपर्यंत पोचायचा तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि हलगीवाल्यासकट सगळं गाव जेवायला घरी गेलेलं असायचं. ओहोळ साफ झाला म्हणून मंडळी खूश. गावाची सगळी घाण मात्र आडाच्या तोंडाशी ढीग होऊन बसलेली. पहिला मोठा पाऊस आला की पाणी त्या ढिगाला अडायचं, फुगायचं आणि आडात शिरायचं.

दोन पावसाळ्यांमागे खालच्या आळीतली तीन लेकरं हगवणीनं गेली होती. लोकांनी देवीला बोल लावला. भिवराबाईनं लावला नाही. तिला गाळ दिसत होता.

त्या साली चैत्रात तिची लेक, ठमा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस आषाढात भरणार होते. लेकीला ऐन पावसात त्याच आडाचं पाणी द्यायचं, तिच्या पोटच्या पोराला त्यानंच न्हाऊ घालायचं, हा विचार भिवराबाईला काम करतानाही सोडेना. फिरत्या चाकावर तिची मडकी वाकडी निघू लागली, असं म्हणतात, आणि तसं आधी कधी झालं नव्हतं.

ती चावडीवर गेली. यंदा काम खालून सुरू करा, म्हणाली. गाळ लोटू नका, पाट्यांत भरून शेतात न्या. पंच हसले. रंगराव पाटील माणूस वाईट नव्हता, पण आज्यापासूनची रीत मोडायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मान वरून सुरू होतो तर काम खालून कसं होईल, असं त्यानं विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

भिवराबाई रागावली नाही. तिनं पदराआडून एक नवंकोरं गाडगं काढून पाटलासमोर ठेवलं.

"मान तुमचाच हाय, पाटील. म्या त्याला हात लावत न्हाई. उलट एक मान वाढवून देते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या आडाचं पहिलं गाडगं तुमच्या घरानं प्यायचं. सगळ्या गावासमोर."

मान म्हटल्यावर नाही म्हणायची पाटलाला सोय नव्हती. त्यानं मिशीवरून हात फिरवला, गाडगं उचललं आणि मोठ्या ऐटीत घरी नेलं.

घरी पाटलीणबाईंनी ते पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "प्यायच्या आधी एकदा खाली जाऊन बघून या. आपल्या मोरीचं पाणी जातं कुठं, ते उभ्या जन्मात बघितलंय का?"

पाटील गेला. आपल्या दारापासून ओहोळाच्या काठाकाठानं आडापर्यंत तो जन्मात पहिल्यांदाच चालला. परत आला तो जेवलाच नाही.

पुनवेच्या सकाळी हलगी वरच्या दारात वाजत राहिली आणि पाटलाचा पत्ता नव्हता. शोधत शोधत माणसं खाली आली, तर रंगराव पाटील आडाजवळ गुडघाभर गाळात उभा, हातात फावडं, आणि भिवराबाई पाटी धरून समोर. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. एका सकाळचं काम त्या साली नऊ दिवस चाललं. साफ केलेल्या वाटेत वरून कुणी गाळ लोटला की खालची बाया-माणसं त्याला नावानं हाक मारून वर धाडायची. नऊ दिवस भिवराबाईचं चाक तिच्यावाचून आपलं आपण फिरत होतं आणि दहाव्या दिवशी अंगणात मडक्यांची रास उभी होती, असं म्हणतात.

मृगात पाऊस कोसळला. तीन दिवस थांबला नाही. ओहोळ हत्तीएवढा फुगून खाली आला. भिवराबाई काठी घेऊन आडासमोर उभी राहिली. पाणी तिच्या पायाशी येऊन थबकलं, तिनं काठीनं नदीकडे बोट दाखवावं तशी वाट दाखवली, आणि पाणी मुकाट्यानं वळून गेलं, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, वाट मोकळी होती म्हणून गेलं. भिवराबाईला दोन्ही चाललं असतं.

चौथ्या दिवशी सारं गाव आडाभोवती जमलं. पाटलानं गाडगं तोंडाला लावलं, थांबला, पुन्हा लावलं आणि तळापर्यंत प्याला. मग म्हणाला, "आणखी एक द्या."

आषाढात ठमाला मुलगी झाली. त्याच पाण्यानं ती न्हाली.

आता सावरदऱ्यात पंचायत आहे, पक्की गटारं आहेत. तरी वैशाखी पुनवेला काम आडापासूनच सुरू होतं आणि पहिलं फावडं सरपंचाचं असतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यानं गाडगंभर पाणीही प्यायचं असतं. मागे एक सरपंच खिशात सीलबंद बाटली घेऊन आला होता. पुढच्या निवडणुकीला त्याच्या भावकीनंही त्याला मत दिलं नाही.

गाडगं दरवर्षी नवं असतं. खालच्या आळीत ज्या घरी बाळंतपण असेल, त्या घरची बाई ते भरून सरपंचाच्या हाती देते. भिवराबाईचं गाडगं, एवढंच म्हणते. तो पितो तोवर ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते. गाडगं रिकामं झालं की मगच वाकते आणि आपली घागर भरते.