साबणे साहेबांच्या खणातली चावी

एका तालुक्यात शाळांचा कारभार बघणारे एक साहेब होते. नाव निळकंठराव साबणे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणावर खेकसले नाहीत. खोड एकच. स्वतःच्या अंगावर काही घ्यायचं म्हटलं की ते मागं सरायचे.

डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरची शाळा पोरं कमी म्हणून वरच्या हुकमानं बंद झाली. तिची चावी साहेबांच्या खणात येऊन पडली. दुसरी शाळा होती ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसालाही ओलांडता येत नसे; एरवीही ती रानवाट लहान पोरांनी एकट्यानं चालण्याजोगी नव्हती.

एक दिवस भागूबाई झोरे अर्ज घेऊन आली. बरोबर तिसरीतली सगुणा. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून कचेरीच्या दारावरची पाटी लेकीनंच वाचून दाखवली. साहेबांनी अर्ज वाचला. वाट धोक्याची असेल तर शाळा चालू ठेवता येते, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांचा एक अहवाल पुरेसा होता.

"बाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण मी माझ्या सहीनं उघडली तर उद्या वरचे मलाच धरतील. तुम्ही कोर्टात जा. कोर्टानं सांगितलं की मी दुसऱ्या दिवशी उघडतो."

आपण बाईला चांगली वाट दाखवली, असंच त्यांना वाटलं.

भागूबाईला फी न घेणारा एक वकील भेटला. त्यानं समजावलं, आधी कचेरीच्या उत्तराची वाट बघायची. उत्तर नाही आलं की नोटीस द्यायची. मग याचिका, आणि तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र. तो सांगेल तिथं भागूबाई अंगठा उठवत गेली. अखेर कोर्टानं साबणे साहेबांना विचारलं, तुमचं म्हणणं काय ते लिहून द्या.

साहेबांना फक्त एवढंच लिहायचं होतं, की बाई म्हणते ते खरं आहे. पण तसं लिहिलं तर वरचे रागावणार, आणि खोटं लिहायला मन धजेना. म्हणून त्यांनी सरकारी वकिलाकरवी मुदत मागितली. पुढच्या तारखेला पुन्हा मागितली. मुदत मागितल्यानं कुणाचं काय जातं, अशी ते स्वतःची समजूत घालत.

सुरुवातीला सगुणा आईबरोबर यायची आणि कोर्टाच्या बाकावर बसून भिंतीवरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची. पुढं पुढं ती अडखळू लागली. मग यायचीच थांबली.

"पोरगी दिसत नाही?" साहेबांनी एकदा विचारलं.

"शेरडांमागं असती," भागूबाई म्हणाली. "नुसती घरात बसवून काय करू?"

त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. पण पुढच्या तारखेला त्यांनी मुदत मागितलीच.

शेवटी काही वर्षांनी कोर्टानं शाळा उघडायला सांगितली. साहेबांना मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी चावी घेऊन ते स्वतः डोंगर चढले. कुलूप गंजलं होतं, तरी उघडलं. त्यांनी फळा पुसला, त्यावर 'सगुणा शाळेत आली' असं ठळक लिहिलं आणि दाराशी आईबरोबर शेरडं घेऊन उभ्या असलेल्या मुलीला आत बोलावलं. ती आता आईच्या खांद्याला लागली होती.

"वाच बघू."

"सगुणा," ती म्हणाली आणि थांबली. पुढच्या शब्दावर तिनं बोट ठेवलं. मग मान खाली घालून म्हणाली, "म्होरलं न्हाई येत आता."

भागूबाई रागावली नाही. "तुम्ही म्हनला हुता तसंच केलंसा, सायेब," ती म्हणाली. "कोर्टानं सांगितलं, दुसऱ्या दिशी उघडली."

सगुणा शेरडं हाकत निघून गेली. एवढ्या थोराड पोरीनं आता लहानग्यांत बसायचं तरी कसं? साहेबांचे डोळे भरून आले. हातातली चावी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच खणात होती.

तात्पर्य: जे योग्य आहे हे आपल्याला ठाऊक असतं, ते करायला दुसऱ्याच्या हुकमाची वाट बघू नये. हुकूम उशिरा आला तरी आपली मान वाचते, पण लेकराचं गेलेलं वय परत येत नाही.