खापरावरची पोळी

“...आणि जिभेचं काय करायचं, बाबा?”

एवढं विचारून हे हात जोडून ताठ बसले. हे म्हणजे माझे यजमान, लोकेशराव. आमच्या लग्नाची हळद अजून उतरली नाही, असं सासूबाई म्हणतात.

धुडकूबाबा चुलीपुढे बसून कणीक तिंबत होते. तापीकाठच्या त्यांच्या मठात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला पुरणपोळ्या बाबा स्वतः करतात, त्याही खापरावरच्या. पेटत्या चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि खापरावर फेकायची. गावातल्या बायका हे बघायला आधीपासून जागा धरून बसतात.

“जिभेनं काय केलं तुझं?” बाबांनी विचारलं.

“ओढते, बाबा. म्हणून व्रत घ्यायचंय. वर्षभर अळणी जेवण, गोड बंद, गावाची शीव ओलांडायची नाही. तुमच्या हातून घ्यायचंय. तुम्ही हो म्हणालात की आजपासूनच.”

वर्षभर!

मी मनातल्या मनात मिठाचा डबा माळ्यावर ठेवला. आंब्यांच्या आढीला हात जोडले. वेरूळची लेणी बघायला जायचं ठरलं होतं, तेही पुसलं. तोंडानं काही बोलले नाही. नव्या सुनेला तोंड असतं, पण ते सणाला काढायचं नसतं.

“पाळशील?”

“तयारी झालीच आहे.” ह्यांचा आवाज जरा फुलला. “हल्ली ताटात काय आहे, याचा मला फरकच पडत नाही.”

हे मात्र खरं. परवा मी आमटीत मीठ घालायला विसरले. हे म्हणाले, छान. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट घातलं. छान म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

बाबांनी कणकेवरचा हात काढला नाही. “काल काय जेवलास?”

“भाजी.”

“कसली?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

“...हिरवी.”

बायकांत खसखस पिकली. उत्तर तसं चूक नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा गिलकी भरली होती, शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घालून. गिलकी हिरवीच असतात.

“नावेतून आलात ना? नदी कशी आहे?”

“मी डोळे मिटून होतो, बाबा. नामस्मरण चाललं होतं.”

बाबा थांबले. पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं.

“जे घेतलंच नाहीस, ते टाकणार कसं?”

...

चुलीत एक लाकूड तडकलं.

मग बाबांनी पुरण भरलेला एक गोळा उचलला आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला.

“वाढव.”

“मी?”

“व्रत मागायला आलास तेव्हा नाही विचारलंस, मी म्हणून.”

हे उठले. बाह्या सरसावल्या. गोळा हातावर घेतला, थोपटला, जरा फिरवला. कडेला किंचित पातळ दिसलं की लगेच थांबायचे. एका बाईनं सांगितलं, “अहो भाऊ, जरा झुलवा तिला!” ह्यांनी ऐकलं नाही. शेवटी झाली ती भाकरीएवढी, छान गोल, आणि ह्यांनी ती निजलेलं मूल ठेवावं तशी खापरावर ठेवली.

उतरल्यावर बाबांनी ती मोडली. आत पांढरी कणीक, गार पुरण.

“कच्ची,” बाबा म्हणाले.

“पण फाटली नाही,” हे म्हणाले.

“नाही. फाटली नाही...”

बाबांनी ते तुकडे बाजूला ठेवले आणि एकदम माझ्याकडे वळले. “ये व माय. तू कोपऱ्यात कशाला?”

“मला येत नाही, बाबा.”

“मग तर येच.”

माझ्या आईनं मला कधी या पोळीला हात लावू दिला नव्हता. फाटली तर सण बिघडतो म्हणायची. मी गोळा घेतला. मऊ, लोण्यासारखा. एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकला. वाढला! पुन्हा टाकला. मनगट झाकलं. मग पोळी कोपराकडे सरकू लागली आणि इतकी पातळ झाली की तिच्यातून मला माझ्या बांगड्यांचा हिरवा रंग दिसला.

“आता टाक! टाक गं!” बायका ओरडल्या.

“अजून,” बाबा म्हणाले.

अजून वाढवली. मध्ये एक भोक पडलं. पण हात थांबेनात. हसूही थांबेना. मी डोळे उघडे ठेवून दिली फेकून!

अर्धी खापरावर, अर्धी कडेवरून लोंबकळत. बायकांनी टाळ्या पिटल्या. वास असा सुटला की दारातलं कुत्रंसुद्धा उठून बसलं.

बाबांनी ती फाटकी पोळी घडी घालून ह्यांच्या ताटात वाढली. शेजारी आमरसाची वाटी सरकवली.

ह्यांनी घास घेतला. सवयीनं ‘छान’ म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

“यात काय आहे?”

“वेलची,” मी म्हणाले.

“ते नाही. अजून काहीतरी...” दुसरा घास. डोळे मोठे झाले. “धूर! अगं, यात धुराची चव आहे!”

हे इतक्या मोठ्यानं बोललेले मी अजून ऐकले नव्हते.

“काल गिलकी होती ना गं? भरलेली?”

“हो.”

“मी खाल्ली?”

“सगळी.”

रस ह्यांच्या मनगटावरून खाली ओघळत होता, त्याचं भान नव्हतं. “पुन्हा करशील?”

“करीन. येताना नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. जाताना उतरायचं?”

“वाड्या? कुठं होत्या?”

“तुमचे डोळे मिटले होते, तिथं.”

बायका हसल्या. हेही हसले, आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे सावरून बसले. रसानं माखलेले हात तसेच जोडले.

“बाबा... पण मग माझं व्रत?”

बाबांनी नवा गोळा हातावर घेतला.

“आधी बोटं चाट.”