टोपणातलं पिल्लू

शंखात राहणाऱ्या खेकड्यांना खाडीत रिकामे शंख मिळेनासे झाले, त्या काळची गोष्ट. एका खेकडीनं आपलं पिल्लू बाटलीच्या टोपणात वाढवलं होतं. सगळे मिळून खाडीतलं प्लास्टिक उचलणार म्हटल्यावर तिची झोपच उडाली. तरी ती गेली; न जावं तर अख्खी खाडी नावं ठेवणार!

“वहिनी, तेवढं टोपण द्या,” निवटा मासा म्हणाला.

“अहो भावजी, बाळ उघडं पडेल ना!”

निवटा ओशाळला. कचरा राहिला बाजूला, सगळे चिखल उकरायला लागले. अखेर एक रिकामा शंख सापडला. पिल्लू टोपणातून शंखात शिरेपर्यंत खेकडीनं डोळे आत ओढून घेतले होते.

“बाळा, कुठं लागलं तर नाही ना रे?”

“टोपणच कधीचं टोचत होतं, आई. तू काळजी करशील म्हणून बोललो नाही.”